चतकोर
(संक्रांत मेळाव्यातील भाषण, वेबसाइटसाठी संपादित)

नमस्कार मंडळी. आज कितीतरी मावश्या-काकूंच्या कपाळावर चंद्रकोर दिसते आहे. तीतली कोर आमच्या नाशिकच्या स्वयंपाकघरात भाकरीलाही असायची. मी आज त्याच कोरीबद्दल बोलणार आहे.

आमचं घर पंचवटीत, रामकुंडापासून चालत पाच मिनिटांवर. थंडीत रोज बाजरीची भाकरी, भोगीला तीळ लावलेली. बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ती लाटत नाहीत, थापतात. आणि पोळीसारखी ती ओढून तोडावी लागत नाही, मोडते. आजी गरम भाकरी दोन्ही हातांत धरून आधी अर्धी करायची, मग त्या अर्धीची अर्धी. ती चतकोर. त्याहून लहान तुकडा म्हणजे नितकोर. भरल्या पोटी आम्ही "नितकोर दे" म्हणायचो आणि ती हमखास चतकोर टाकायची.

पाहुण्याला आजीनं कधी "अजून एक भाकरी घ्या" म्हटलेलं मला आठवत नाही. पाहुणा संकोचतो, नको म्हणतो. "चतकोर तरी घ्या" म्हटलं की नाही म्हणायला जागा उरत नाही. अशा चार चतकोर वाढल्या की एक भाकरी पोटात गेलेली असायची!

गंगेवरून (नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात) संध्याकाळी कुणी दाराशी यायचं, "माय, चतकोर भाकर वाढ." आजी त्याच टोपल्यातली, तीच ताजी भाकरी मोडायची, वर कोरड्यास, म्हणजे तोंडी लावायला कालवण, घालायची. ताटावरच्या पाहुण्याला आणि दारातल्या माणसाला एकच शब्द, हे मला फार मोठं वाटतं. कारण 'तुकडा' या शब्दाचं तसं नाही. 'दुसऱ्याचे तुकडे मोडतो' म्हटलं की माणूस मेल्याहून मेला होतो. अर्थात तुकड्यालाही मान मिळाला आहे. यावलीच्या माणिकनं तुकड्या हे नाव आयुष्यभर मिरवलं, ते आपले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. आणि नवी सून उंबऱ्यावर उभी असते तेव्हा तिच्यावरून भाकरतुकडाच ओवाळून टाकतात. शिकायला परदेशी निघालो आणि दीड वर्षानं परतलो, तेव्हा आईनं दारातच थांबवून माझ्यावरूनही ओवाळला होता. बॅगा अजून रिक्षातच होत्या.

पुढे हा शब्द भाकरीबाहेरही गेला. चतकोर कागद, चतकोर जमीन, खिडकीतून दिसणारं चतकोर आभाळ. इथल्या, परदेशातल्या माझ्या पहिल्या खोलीतून तेवढंच दिसायचं, आणि आईला फोनवर सांगताना मला दुसरा शब्द सुचला नव्हता.

माझ्या मुलीला हाफ आणि क्वार्टर येतं. गेल्या रविवारी तिला भाकरी हातात दिली आणि मोडायला लावली. पहिल्यांदा वेडीवाकडी मोडली. दुसऱ्यांदा तिनं तुकडा माझ्या ताटात ठेवला नि म्हणाली, "बाबा, चतकोर."

आज जेवणात बाजरीची भाकरी आहे, वांग्याची भाजी आहे, लोणी आहे. वाढायला आपली मुलंच उभी आहेत. त्यांच्याकडे चतकोर मागा.