नाथानासाठी दार उघडे आहे का?

बंधुभगिनींनो, 'मंडळीच्या पुढाऱ्यांची आत्मिक आणि भावनिक प्रौढता' हा विषय तुम्ही मला दिलात. मी तो एकाच प्रश्नावर आणतो. आपली चूक कोणी दाखवली, की आपण काय करतो?

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय काढा. मंडळीचा अध्यक्ष होऊ पाहणारा माणूस कसा असावा, हे तिथे सांगितले आहे. 'शिकवण्यात निपुण' एवढे सोडले, तर बाकी बहुतेक सगळे स्वभावाचे आणि चारित्र्याचे आहे. सौम्य, भांडखोर नसलेला, मारका नसलेला, स्वतःचे घर नीट चालवणारा. नवशिका नको, नाहीतर गर्वाने फुगेल. आणि आपण सेवक निवडताना काय पाहतो? उपदेश कसा करतो, किती शिकला आहे, आवाज कसा आहे. राग आल्यावर हा घरी कसा वागतो, ते विचारायचे कोणाला सुचत नाही.

मी सेवेत नवा होतो तेव्हाची गोष्ट. उपासना संपल्यावर मंडळीतले एक वृद्ध काका दारापाशी थांबले. सगळे गेल्यावर हळूच म्हणाले, "पाळकसाहेब, ते वचन तुम्ही अर्धेच वाचलेत. पुढची ओळ घेतली असती तर अर्थ वेगळा झाला असता." त्यांचे बरोबर होते. मी हसलो, हात मिळवला, आभार मानले. पुढचे तीन रविवार मात्र माझे उपदेश कुरकुर, फूट पाडणारी जीभ आणि सेवकाचा मान यांवर झाले. हे विषय मला प्रार्थनेत मिळाले, अशी माझी मनापासून समजूत होती. तिसऱ्या रविवारी जेवताना पत्नीने विचारले, "अहो, आजही काकांनाच बोललात ना?"

माझा घास हातातच राहिला. तीन आठवडे मी पवित्र शास्त्र हातात धरून सूड घेत होतो. मला राग आला आहे, हे मी देवाजवळसुद्धा बोललो नव्हतो. तो राग मग व्यासपीठावर चढला, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांनीही तो ऐकून घेतला.

शौल आणि दावीद या दोन राजांकडे पाहा. दोघांकडे संदेष्टा आला, दोघेही म्हणाले, "मी पाप केले आहे." अमालेकी लोकांविषयीची देवाची आज्ञा मोडली म्हणून संदेष्टा शमुवेलाने शौलाला धरले, तेव्हा त्याने आधी लोकांवर ढकलले. मग लोकांना भ्यालो म्हणाला. आणि पाप कबूल करूनही त्याची विनंती काय होती? निदान लोकांच्या वडिलांसमोर माझा मान राख. हे वाक्य मी वाचतो तेव्हा मला भीती वाटते, कारण ते मला ओळखीचे आहे.

दाविदाचा गुन्हा लहान नव्हता. परक्याची बायको घेतली, तिचा नवरा उरीया याला लढाईत मारवले. पण संदेष्टा नाथानाने "तो माणूस तूच" म्हटल्यावर त्याच्या उत्तरात सबब नाही, अट नाही. आणि ५१ व्या स्तोत्राचा मथळा वाचा. राजाचा तो कबुलीजबाब मुख्य गवयाच्या हाती दिला आहे, म्हणजे लोकांनी गावा म्हणून. मान राखण्याची धडपड तिथे संपलेली दिसते.

काही वेळा मात्र माणूस केवळ थकलेला असतो. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर उभा राहिलेला देवाचा संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या एका निरोपाने पळाला आणि झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला आधी रागावले नाही. झोपू दिले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. "इथे काय करतोस?" हा प्रश्न नंतर, होरेब डोंगरावर. आपण थकलेल्या सेवकाला हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारतो.

आणि प्रभू येशू? गेथशेमाने बागेत आपला जीव मरणाइतका खिन्न झाला आहे, हे त्याने तिघा शिष्यांना उघड सांगितले आणि माझ्याबरोबर जागे राहा म्हणाला. पुढाऱ्याने दुःख दाखवू नये, असे जे आपल्याला शिकवले गेले, ते त्याच्याकडून आलेले नाही.

शेवटी नाथानाकडे परत येतो. 'पहिले राजे' या पुस्तकाचा पहिला अध्याय. दावीद म्हातारा झाला आहे, अंथरुणात आहे, त्याचा मुलगा अदोनीया परस्पर राजा होऊ पाहतो आहे. आणि राजाच्या खोलीत कोण येते? नाथान. सर्वांत कठोर शब्द बोललेल्या माणसासाठी इतक्या वर्षांनंतरही ते दार उघडे होते.

चौथ्या आठवड्यात मी काकांच्या घरी गेलो आणि त्या तीन उपदेशांबद्दल क्षमा मागितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी शास्त्र काढले, चष्मा लावला आणि मी सोडलेली ती ओळ मला वाचायला दिली.