हेल्मेटच्या आतला गोंगाट

नमस्कार श्रोतेहो.

नवी मुंबईतल्या तुर्भे, रबाळे, महापे या कारखान्यांच्या पट्ट्यात ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना निळ्या गोल पाटीवरचं ते पांढरं डोकं ओळखीचं असेल. दोन्ही कानांवर मफ लावलेलं. त्या पाटीच्या पलीकडे प्रेसशॉप, म्हणजे पत्रे दाबून आकार देणाऱ्या यंत्रांचा विभाग असतो, नाहीतर कॉम्प्रेसर रूम, आणि कानात प्लग घातल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही असा दंडक असतो. माझी सगळी नोकरी अशा पाट्या लावण्यात आणि त्या पाळल्या जातात की नाही हे बघण्यात गेली. सेफ्टी ऑफिसर लांबून येताना दिसला की लोक घाईघाईनं प्लग कानात कोंबतात आणि त्यानं पाठ फिरवली की काढतात. चालायचंच.

आज मी बोलणार आहे ते पाटीच्या बाहेरच्या आवाजाबद्दल. पाळी सुटते. कामगार प्लग काढून कचऱ्याच्या डब्यात टाकतो, हेल्मेट चढवतो, ठाणे-बेलापूर रस्त्यानं येऊन सायन-पनवेल महामार्गाला लागतो आणि रस्ता मोकळा दिसला की गाडी ऐंशीला नेतो. त्या वेळी त्याच्या हेल्मेटच्या आत जो आवाज असतो, तो प्रेसशॉपच्या तोडीचा असतो. फरक एवढाच, की इथे पाटी नाही आणि हटकायला कुणी नाही.

हा आवाज इंजिनाचा नाही, हॉर्नचा नाही, सायलेन्सर बदलून फटफटत जाणाऱ्या पोरांचाही नाही. हा वाऱ्याचा आवाज आहे. इंग्लंडमध्ये नव्वदच्या दशकात कानाच्या डॉक्टरांनी मोटरसायकलस्वारांच्या कानाशी, हेल्मेटच्या आत, चिमुकले मायक्रोफोन बसवून मोजणी केली. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास आवाज नव्वद डेसिबलला पोहोचतो आणि शंभरच्या पुढे गेलात की तो शंभर डेसिबलही ओलांडतो, असं त्यांना दिसलं. इंजिनाचा आवाज त्या वेगाला वाऱ्याखाली बुडून जातो.

डेसिबल हे माप जरा फसवं आहे. तीन डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दुप्पट होते. म्हणून अमेरिकेतल्या नायॉश या, कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा हिशोब असा आहे, की ८५ डेसिबलमध्ये आठ तास थांबायला हरकत नाही, ८८ मध्ये चार तास, ९१ मध्ये दोन, ९४ मध्ये एक, ९७ मध्ये अर्धा तास आणि १०० डेसिबलमध्ये फक्त पंधरा मिनिटं. आपल्याकडचे कारखान्यांचे नियम थोडे सैल आहेत, ते आठ तासांना ९० डेसिबल चालवून घेतात. नायॉशचा हिशोब धरा. महामार्गानं पनवेलच्या पुढून रोज ये-जा करणारा माणूस दिवसभराचा कोटा गाडीवरच संपवतो, आणि मधले आठ तास कारखान्यातले असतात.

कारखान्यात आम्ही दरवर्षी कामगारांची ऑडिओमेट्री करायचो. बंद खोलीत बसवून, हेडफोन लावून, बारीक-जाड सूर ऐकवायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. त्याचा आलेख निघतो. आवाजानं दुखावलेल्या कानाच्या आलेखात चार हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक सुरांच्या जागी, एक खाच पडते. म्हातारपणाचं बहिरेपण असं खाच पाडत नाही, ते उतारावरून घसरत जातं. एका वर्षी स्टोअरमधल्या एका माणसाच्या आलेखात ती खाच दिसली. स्टोअर म्हणजे कारखान्यातली सगळ्यात शांत जागा, तिथे पंख्याचा काय तो आवाज. चौकशी केली तेव्हा कळलं, की भाऊ कैक वर्षं खोपोलीहून मोटरसायकलनं येतात, उघड्या तोंडाचं अर्धं हेल्मेट घालून. एकट्या गाडीवर खापर फोडता येणार नाही, लग्नाच्या वराती आणि गणपतीतले डीजेही असतात. पण त्या दिवसापासून मी प्रत्येकाला कसली गाडी, कुठून येता, हे विचारायला लागलो. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ऑडिओमेट्री सकाळी पहिल्या प्रथम करायची असते, कारण त्याआधी कान निदान चौदा तास आवाजापासून लांब हवेत. आमचे लोक मात्र तासभर वारा खाऊन थेट त्या खोलीत येऊन बसायचे. कानाला दडे बसलेलेच असायचे.

हे दडे बसणं तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचं आहे. नाशिकहून कसाऱ्याचा घाट उतरून शहापूर, भिवंडी करत ठाण्याला आलात, गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, की पाचएक मिनिटं घरचे लोक लांबून बोलतायत असं वाटतं. कानात गुंई आवाज येत राहतो. सकाळपर्यंत उतरतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. आतल्या कानात शंखासारख्या वळणाच्या नळीत बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात पंधरा हजारांच्या आसपास. थकल्या की त्या काही तासांत सावरतात. पण मेल्या की मेल्या, माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, टोकदार आवाज जातात. बोलण्यातले स, श, फ, थ हे आवाज तिथलेच. त्यामुळे समोरचा बोलतोय हे कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही, त्यात आजूबाजूला गलका असला तर नाहीच नाही. घरी टीव्हीचा आवाज वाढत जातो आणि बायको पुटपुटत बोलते अशी तक्रार सुरू होते.

आता तुम्ही म्हणाल, मी तर चांगलं पूर्ण तोंडाचं, आयएसआय मार्काचं हेल्मेट घालतो. घालाच. ते डोक्यासाठी आहे. कानाच्या बाबतीत त्याची मर्यादा समजून घ्या. मिरवणूक गल्लीतून जाताना खिडक्या लावून घेतल्या तर ताशा बराच अडतो, ढोल मात्र छातीपर्यंत घुमत येतो. हेल्मेटचंही तसंच आहे. बारीक आवाज ते थोडेफार अडवतं, जाड घुमणारा आवाज जवळजवळ तसाच आत सोडतं. आणि वाऱ्याचा आवाज मुख्यतः तसलाच असतो. शिवाय तो आवाज बाहेर कुठे तयार होऊन आत येतो असं नाही. हवा हेल्मेटवरून घसरताना फाटते, तिचे भोवरे होतात, आणि विशेषतः हनुवटीच्या खाली, हेल्मेटच्या कडेशी जो गोंधळ चालतो तो थेट आत शिरतो. म्हणून गळ्याभोवती घट्टसर रुमाल किंवा बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, गुंडाळून ती फट बुजवली, तर थोडा फरक जाणवतो. काच पूर्ण खाली असू द्या. बोटभर उघडी ठेवलेली काच शिट्टी घालते.

हेल्मेट सैल असणं सगळ्यात वाईट. आपल्याकडे मुली डोक्याला जाड स्टोल गुंडाळतात आणि वर भावाचं हेल्मेट अडकवतात. त्यात हवा शिरायला सगळीकडून वाट. आणि अपघातात ते हेल्मेट डोक्यावर राहीलच याची खात्री नाही ते वेगळंच.

पुढे उंच विंडस्क्रीन लावली की आवाज कमी होईल असं वाटतं. कधी होतो, कधी उलट वाढतो. स्क्रीनच्या वरच्या कडेवरून उसळलेली हवा नेमकी हेल्मेटवर येऊन आदळत असेल तर साध्या उघड्या गाडीपेक्षा जास्त गोंगाट होतो. पैसे घालण्याआधी एक करून बघा. महामार्गावर मागे बसलात की किंचित उठा, मग किंचित वाका. ज्या उंचीला एकदम शांत वाटतं तिथे तुमचं डोकं यायला हवं. हे बघायला मागेच बसा, गाडी चालवताना नाही.

वेगाचा हिशोबही ऐका. वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर झपाट्यानं चढतो. ऐंशीवरून साठवर आलात तर साधारण सहा डेसिबल उतरतात, म्हणजे आवाजाची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. तीस किलोमीटरला वेळ किती वाढला? साडेसात मिनिटं. आणि इथे रस्त्यावरचा वेग मोजत नाहीत, हवेतला मोजतात. दुपारनंतर आपल्याकडे समुद्रावरून खारा वारा सुटतो, पश्चिमेकडून. संध्याकाळी नवी मुंबईहून वाशी खाडीपुलावरून किंवा ऐरोली पुलावरून मुंबईकडे निघालात की तो समोरून येतो. गाडी साठला आणि समोरचा वारा वीसचा असेल, तर तुमच्या कानाला ऐंशीचा मार बसतो. सकाळी त्याच पुलावर हा त्रास जाणवत नाही. घोडबंदर रोडवाल्यांनी निश्चिंत राहावं, तिथे वारा लागायला आधी गाडी तर हलली पाहिजे.

खरा उपाय मात्र तोच, जो कारखान्यात डब्यात फेकला जातो. फोमचे इयरप्लग. सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात दहा-वीस रुपयांना जोडी मिळते. पाकिटावर तीस-पस्तीस डेसिबल लिहिलेलं असतं, तो आकडा प्रयोगशाळेतला. नीट बसवला नाही तर त्याच्या निम्मासुद्धा हाती लागत नाही. आणि नीट बसवणारा माणूस मी क्वचितच पाहिला. सगळे तो कानाच्या तोंडाशी बुचासारखा टेकवतात.

पद्धत अशी. हात स्वच्छ धुवा, चेन साफ केलेल्या हातानं प्लगला शिवू नका. चिमटीत धरून वळा, वातीसारखा बारीक होईपर्यंत, सुरकुती पडू न देता. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग धरून वर आणि मागे ओढा. कानाची नळी जराशी वाकडी असते, ती त्यानं सरळ होते. आता प्लग आत सरकवा आणि बोटानं तीसएक सेकंद दाबून धरा. तो आत फुगतो. नीट बसला की तुमचाच आवाज तुम्हाला घुमल्यासारखा ऐकू येईल. आरशात समोरून बघताना प्लगचं टोक कानाबाहेर ठळक दिसत असेल तर तो बसलेला नाही, काढून पुन्हा घाला. मग हेल्मेट हळू चढवा, गादी घासून प्लग निसटतो. काढताना पिळत पिळत, सावकाश. खस्सकन ओढलात तर पडद्याला झटका बसतो.

कापूस घालू नका, त्यानं जेमतेम चार-पाच डेसिबलचा फरक पडतो. प्लग मळला किंवा भिजला की टाकून द्या. आपल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही. ज्यांचा कान वाहतो, पडद्याला भोक आहे किंवा मळ घट्ट बसलाय, त्यांनी आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. प्लगनं मळ आणखी आत ढकलला जातो. आणि कढत तेल ओतण्याचा घरगुती उद्योग तर मुळीच नको.

सगळ्यांचा एक प्रश्न असतो, मग मागच्या ट्रकचा हॉर्न कसा ऐकू येणार? प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही सारखेच खाली आणतो, त्यामुळे दोघांतला फरक तसाच राहतो. महामार्गाच्या वेगाला वाऱ्यानं ठणाणणाऱ्या कानापेक्षा प्लगच्या आतल्या कानाला हॉर्न बरेचदा स्पष्ट येतो, कारण कान गोंगाटानं भरलेला नसतो. ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकू येतो. पण नौपाड्याच्या गल्लीत, तीन हात नाक्याच्या सिग्नलला, वाशीच्या सेक्टरमध्ये वीस-तीसच्या वेगाला वारा नसतोच. तिथे प्लग घातला तर फक्त रस्ता कमी ऐकू येईल. तेव्हा गावात नको, लांबच्या मोकळ्या रस्त्याला हवा. ज्यांना आधीच कमी ऐकू येतं त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये. आणि आरसे दोन्ही जागेवर असू द्या. निम्म्या गाड्यांचे आरसे आतल्या बाजूला वळवलेले असतात, ते कशासाठी हे मला आजवर उमगलेलं नाही.

इयरफोनबद्दल मी कडक आहे. हेल्मेटमध्ये नव्वद डेसिबलचा वारा चालू असताना गाणं ऐकू यायला ते नव्वदच्या वर न्यावं लागतं. म्हणजे एका आवाजावर दुसरा, आणि लक्ष विचलित होतं ते वेगळं. मोबाइलवरच्या डेसिबल ॲपनं मोजायलाही जाऊ नका. फोनच्या मायक्रोफोनवर वारा थेट आदळला की तो वाटेल तो आकडा दाखवतो.

ज्यांना कानात सतत गुंई येते, किंवा गर्दीत बोलणं कळत नाही, त्यांनी एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच काम करते. जाण्याआधी रात्रभर कानाला विश्रांती द्या, आणि त्या सकाळी मोटरसायकलनं जाऊ नका. लोकलनं जा, खिडकीपाशी उभं न राहता.

नमस्कार.