बिहटाचे वाकडे रूळ

मंडळी, वाफेचं इंजिन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धूर येतो, शिट्टी येते. मी आज तुम्हाला त्याच्या पोटात, शेगडीपाशी नेणार आहे. ब्रिटिश काळातल्या आपल्या प्रवासी इंजिनांचा इतिहास तिथूनच वाचायला हवा, असं माझं ठाम मत झालं आहे.

माझे मामा भुसावळच्या लोकोत, म्हणजे इंजिनांच्या शेडमध्ये, फायरमन होते. ते सांगायचे, कोळसा ढकलायचा नसतो, पसरायचा असतो. बेलचा दारातून आत गेला की मनगटाला झटका द्यायचा, म्हणजे कोळसा मागच्या कोपऱ्यात पडतो. मग दुसरा कोपरा, मग दाराखाली. थर पातळ हवा. एकाच जागी ढीग झाला की राख वितळून तिची ढेप बसते, क्लिंकर. जाळी गच्च होते, खालून हवा मिळत नाही, वाफ पडते आणि मेल भर माळावर धापा टाकू लागते. मामांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते.

राख हाच आपला मुख्य विषय. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्यानंतर कित्येक वर्षं मुंबईकडच्या इंजिनांत विलायतेहून जहाजानं आलेला कोळसा जळत असे. बंगालचा कोळसा जमिनीवरून एवढ्या लांब आणण्यापेक्षा तो परवडायचा. पुढे राणीगंज-झरियाचा देशी कोळसा सगळीकडे वापरात आला. त्यात राख जास्त. इंजिनं मात्र विलायती मापाचीच राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात भारतासाठी प्रमाणित नमुने ठरले. त्यांतलं मेल गाड्यांचं इंजिन ४-६-० चाकांचं होतं, म्हणजे पुढे चार लहान चाकं आणि मग सहा मोठी. त्याची शेगडी मोठ्या चाकांच्या मधे, अरुंद जागेत बसवलेली, जाळी साधारण ३२ चौरस फुटांची. इंजिन गुणी होतं, रुळावर शहाण्यासारखं चालायचं. पण गाड्या जड होत गेल्या, कोळसा हलक्या प्रतीचा होत गेला, आणि तेवढ्या जाळीवर भागेना.

मग १९२४ च्या सुमारास नवे नमुने आखले गेले. त्यांना एक्सए, एक्सबी, एक्ससी अशी नावं मिळाली. चाकांची मांडणी ४-६-२, तिला पॅसिफिक म्हणतात. त्या शेवटच्या दोन चाकांसाठीच हा सगळा खटाटोप. शेगडी मोठ्या चाकांच्या मागे नेली, तिच्याखाली ही लहान चाकं दिली, आणि ती हवी तेवढी रुंद केली. एक्सबीची जाळी ४५ चौरस फुटांची झाली. देशी कोळसा पातळ थरात पसरून जाळायला ऐसपैस जागा मिळाली. फायरमनच्या बाजूनं पाहिलं तर विचार अगदी योग्य होता.

घात झाला तो दुसऱ्या टोकाला. इंजिनाच्या पुढच्या चार चाकांच्या गाड्याला बोगी म्हणतात. आपण डब्याला बोगी म्हणतो, ती वेगळी. इंजिन लांब असलं की वळणावर ही बोगी आडवी सरकू द्यावी लागते. सरकलेल्या बोगीला परत मधे आणायचं काम बाजूच्या स्प्रिंगा करतात. त्या जर नेभळट असतील तर सरळ रुळावरही इंजिन नागमोडी चालू लागतं. चाकाची कड एकदा या रुळाला धडकते, एकदा त्या. शंभर टनांच्या आसपासचं धूड असे धक्के देत राहिलं की रूळ जागचा हलतो. वाकडा झालेला रूळ मागून येणाऱ्या इंजिनाला आणखी डोलवतो. एक्सबी रुळावर आल्यापासूनच त्या डोलतात अशी तक्रार होती.

१७ जुलै १९३७ च्या पहाटे पाटण्याजवळ बिहटा इथे पंजाबकडून हावड्याला निघालेली एक्स्प्रेस रुळांवरून उतरली. इंजिन एक्सबी होतं. शंभराहून अधिक माणसं गेली. न्यायमूर्ती सर जॉन थॉम यांच्या चौकशीत इंजिनानं वाकवलेल्या रुळांवरच बोट ठेवलं गेलं. मग लेफ्टनंट कर्नल माउंट यांच्या अध्यक्षतेखाली पॅसिफिक इंजिनांसाठी खास समिती नेमली गेली. तिच्यात इंग्लंडचे नामवंत इंजिन-रचनाकार विल्यम स्टॅनियर होते, फ्रेंच रेल्वेचा तज्ज्ञही होता. समितीनं स्प्रिंगा तपासल्या, त्याचबरोबर रूळही तपासले. मला या कामाचं मोल फार वाटतं, कारण इंजिनवाल्यांनी रूळवाल्यांकडे आणि रूळवाल्यांनी इंजिनवाल्यांकडे बोट दाखवायचं हा खात्यांचा जुना खेळ तिथे थांबला. इंजिन आणि रूळ मिळून एकच यंत्र असतं, हे कागदावर आलं. पण त्यासाठी शंभर माणसं मरावी लागली, याचा मला आजही संताप येतो. तक्रारी आधीच होत्या हो!

त्या अहवालातून जे शिकायचं ते डब्ल्यूपी इंजिनात उतरलं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, पी म्हणजे पॅसेंजर. बंदुकीच्या गोळीसारखं नाक असलेलं ते इंजिन तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलं असेल. १९४७ साली अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून आधी फक्त १६ आणली, चालवून पाहिली, मगच मोठ्या मागण्या गेल्या. १९६७ पर्यंत ७५५ झाली, शेवटची आपल्या चित्तरंजनच्या इंजिन कारखान्यात. जाळी ४६ चौरस फुटांची, एक्सबीच्याच तोडीची. पण चाल बदललेली. मामांनी एक्सबी पाहिली नव्हती, डब्ल्यूपीवर मात्र ते वर्षानुवर्षं उभे राहिले. ते म्हणायचे, "वेगात असली तरी बेलचा भरलेला घेऊन वळावं, कोळसा सांडत नाही."

हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये अशी इंजिनं जपून ठेवली आहेत. मी गेलो होतो. बाकीची मंडळी चकचकीत नाकापुढे फोटो काढत होती. मी बाजूला जाऊन उकिडवा बसलो आणि पुढच्या चाकांमधून आत हात घालून त्या स्प्रिंगा चाचपडत राहिलो. मनगटापर्यंत काळं वंगण लागलं. ते तसंच घेऊन मी परतीच्या गाडीत बसलो.