पंख्यावरचं नाव

बंधूंनो, भगिनींनो, जरा वर बघा. पंखा फिरतोय तोवर काही कळणार नाही, पण लाईट गेली की पाती थांबतात आणि लाल रंगातली अक्षरं वाचता येतात: अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक परिवाराकडून सप्रेम भेट. लहानपणी चर्चमध्ये उपदेश लांबला आणि लाईट गेली, तर आम्ही मुलं तेवढंच वाचत बसायचो. हंगामाच्या सणाला भोपळ्याचा लिलाव होतो, तेव्हाही माईकवरून नावं घेतली जातात. मला त्याचा राग नाही. एका भोपळ्याचे पाचशे एक रुपये द्यायला थोड्या टाळ्या लागतातच.

उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये, असं नाशिकमध्ये कुणीही सहज म्हणून जातं. ही बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातली गोष्ट आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. पण तो अध्याय नीट वाचा. दान करताना पुढे कर्णा वाजवू नकोस, हे येशू ज्याच्याकडे कर्णा आहे त्याला सांगतो. हात पसरणाऱ्याला तो नम्रतेचा धडा देत नाही.

योहानाच्या तेराव्या अध्यायातही तसंच. धुळीतून आलेल्या पाहुण्याचे पाय धुणं हे घरच्या दासाचं काम. इथे जेवणावरून गुरूच, म्हणजे येशूच, उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि खाली बसतो. त्याचा शिष्य पेत्र, त्याला ते सहन होत नाही, तो नको म्हणतो. त्याला धरून देणार असलेला शिष्य यहूदा काहीच बोलत नाही. त्याचेही पाय धुतले जातात, आणि त्यानंतर तो रात्रीच्या अंधारात बाहेर पडतो.

एके वर्षी पवित्र गुरुवारी आमच्या मंडळीत पाय धुवून घेणाऱ्या बाराजणांत माझा नंबर लागला. मी घरून काय करून निघालो असेन? साबण लावून, वजरीने टाचा घासून, नखं कापून, नवे मोजे चढवून निघालो. पाळकसाहेबांनी तांब्या कलता केला आणि माझ्या स्वच्छ पायांवरून स्वच्छ पाणी घमेल्यात पडलं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते थेट मळ्यातून आले होते, टाचांना भेगा, भेगांत काळी माती. त्यांचं पाणी गढूळ झालं. ते सारखे 'राहू द्या साहेब, राहू द्या' म्हणत होते. त्या दिवशी खरे पाय त्यांचेच धुतले गेले. माझं नुसतं नाटक झालं.

आता आपल्या नाशिकमधल्या शरणपूरकडे येतो. शरणपूर रोडने रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने इथे वस्ती उभारली. अरबांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं मुंबईत उतरवली जात, त्यांतली बरीच इथे आली, शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकून तयार झाली. जेकब वेनराइट त्यांतलाच. 1 मे 1873 रोजी आजच्या झांबियात आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा तो त्यांच्यासोबत होता. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. दफनविधीची प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीखही त्यानेच कोरली. मग ते शव उन्हात वाळवून, सालीत गुंडाळून, साठेक माणसांनी महिनोन् महिने वाहून समुद्रकिनाऱ्याला आणलं. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीशी त्या तांड्यातला एकटा जेकब होता. पुढे रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने या माणसांसाठी पदकं पाडली. तोवर त्यांतले अनेकजण केव्हाच पांगले होते.

आपण चटकन म्हणतो, बघा, कसली निष्काम सेवा! मी इथे अडखळतो. जेकबने दुसऱ्याचं नाव झाडावर कोरलं, ठीक आहे. पण बाकीच्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, ती त्यांनी लपवली म्हणून नव्हे, कुणी विचारली-सांगितली नाहीत म्हणून. आपल्याकडेही पूर्वी गावोगाव पायी फिरून आयाबायांना शुभवर्तमान वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया होत्या. मिशनच्या कागदांत त्या बहुतेकदा 'एक बाई' एवढ्याच. त्यांना नम्र म्हणून आपण मोकळे होतो, म्हणजे लिहायचा आपला आळस त्यांच्या पुण्यात जमा करतो. नाव झाकायचं तर आधी ते असावं लागतं. म्हणून झाकायचं काम माझ्यासारख्या माईकसमोरच्याचं, आणि सतरंज्या घालणाऱ्या बाईचं नाव विचारणं हेही माझंच काम.

आज आत येताना ते नाव मी विचारलं. 'कशाला साहेब?' म्हणून त्या हसल्या आणि चहाचं आधण बघायला गेल्या. नाव सांगितलं नाहीच. तेव्हा मी ठरवलंय, कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गुंडाळायला आपण गुपचूप थांबायचं.

बघा, तेही माईकवरून सांगून बसलो.