ऑल-इन आलं, आता कॉल करायचा का?

मंडळी, 2025 च्या कायद्यानं पैशावरच्या ऑनलाइन पोकरवर बंदी आली, त्यामुळं आपल्याकडची खेळणारी पोरं आता आंबोली उतरून पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर जातात, तर मी आज बोलणार ते तिथल्या कॅश टेबलाबद्दल. टुर्नामेंटचं गणित वेगळं असतं, ते आज सोडूया. कॅशमध्ये शंभराची चिप म्हणजे शंभर रुपये, पहिली असो नाहीतर शेवटची.

आपला कोल्हापूरकरांचा प्रॉब्लेम म्हणजे ईर्षा. समोरच्यानं चिपांचा सगळा ढीग पुढं ढकलला, म्हणजे ऑल-इन गेला, की डोक्यात एकच येतं, "मला दाबतोय व्हय हा?" आणि झाला कॉल, म्हणजे तेवढीच रक्कम आपणही घातली! पीटीएम-शिवाजीच्या फुटबॉल मॅचला ठीक आहे ओ, इथं रोख जाते. आणि "बंडल मारतोय (हातात काही नसताना नुसता दम देतोय) का खरं आहे" हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण त्याचं उत्तर पत्ते उलटल्याशिवाय कुणालाच मिळत नाही. विचारायचं ते असं, की या जागेवर तो दहातनं किती वेळा बंडल मारेल आणि मला किती वेळा पुरे.

पुरे किती, हे सोपं आहे. पॉटात, म्हणजे मधल्या ढिगात, 6,000 आहेत, तो 9,000 ऑल-इन गेला. तुम्ही 9,000 घातले की एकूण 24,000, म्हणजे साडेसदतीस टक्के, आठात तीन वेळा जिंकलात तरी बरोबरी. पॉटाएवढी बेट असली तर 33, दुप्पट असली तर 40. आणि गंमत बघा, बेट कितीही मोठी येऊ दे, 50 टक्के कधीच लागत नाहीत, कारण पॉटात आधीचे पैसे पडलेले असतात.

आता हाच हात नीट बघू. टेबलावर सगळ्यांसाठी उघडे पत्ते: आधी तीन (फ्लॉप), इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, चौकट चव्वी, मग किलवर दुर्री (टर्न), शेवटी बदाम सत्ती (रिव्हर). तुमच्याकडं इस्पिकचा एक्का आणि चौकट राजा, टॉप पेअर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी), वरचा किकर (जोडीसोबतचा पत्ता), मन म्हणतंय कॉल. पण मोजा की. त्याच्याकडं नव्व्यांची जोडी (टेबलावरची धरून तीन नव्व्या) असायचे 3 प्रकार, चव्व्यांचे 3, दुर्र्यांचे 3. राजा-नव्वी, म्हणजे दोन जोड्या? राजे दोनच उरले, नव्व्या तीन, म्हणजे 6. झाले निदान 15 हात तुम्हाला हरवणारे. (राजांची जोडी असती तर त्यानं आधीच रेज मारली (रक्कम वाढवली) असती, ती सोडा.) मग साडेसदतीस टक्के भरायला त्याच्याकडं बंडलाचे निदान 9 हात पाहिजेत, आणि ते यायचे कुठनं, तर फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) न लागलेल्या इस्पिकांतनं. त्यातले बहुतेक लोक हौसेनं शेवटपर्यंत ओढतात ते एक्क्याचे इस्पिक, आणि तो एक्का तर तुमच्या हातात! म्हणजे जो पत्ता बघून तुम्ही खूश झालात त्यानंच त्याची बंडलं कमी केली. त्यात समोर दोन तास गप्प बसलेले काका असतील तर मी तरी फेकतो, छोट्या ब्लाइंडच्या (सुरुवातीच्या सक्तीच्या रकमेच्या) टेबलावर असली माणसं रिव्हरला रिकाम्या हातानं एवढी रक्कम लावत नाहीत. हां, तोच प्रत्येक हातात पैसे टाकणारा कुणी भिडू असला तर राजा-राणी, राजा-गुलाम घेऊनसुद्धा ढकलतो, तिथं कॉल.

ड्रॉ (अजून पुरा न झालेला हात) घेऊन कॉल करणाऱ्यांसाठी थोडकं. फ्लॉपवर फ्लशची 9 पानं बाकी असली की दोन्ही पत्ते बघून साधारण 35 टक्के, पॉटाएवढ्या ऑल-इनला 33 लागतात, म्हणजे काठावर पास, त्यातनं हाऊस रेक (कॅसिनोचा वाटा) कापणार आणि समोरच्याकडं तुमच्यापेक्षा मोठा फ्लश ड्रॉ असला तर तेवढंही नाही. टर्नला तीच किंमत आली तर गपगुमान फेका, एकच पत्ता उरलाय, 20 टक्केसुद्धा जेमतेम भरतात.