एक माणूस, एक पीस आणि 'नाही'

नमस्कार श्रोतेहो. आज तुम्हाला कॅनडातल्या एका आमदाराविषयी सांगायचंय. आमदारच म्हणतो, कारण तिकडंही प्रत्येक प्रांताची आपली विधानसभा असते, आणि मॅनिटोबा प्रांताच्या विधानसभेत जागा ५७. त्यातल्या एका जागेवर बसलेल्या माणसानं जून १९९० मध्ये अख्ख्या देशाची घटनादुरुस्ती अडवून धरली. त्याचं नाव एलायजा हार्पर.

जन्म १९४९ चा, रेड सकर लेकचा. हे गाव प्रांताची राजधानी विनिपेगपासून पाचशे किलोमीटरहून जास्त लांब, उत्तरेला, बारमाही रस्ता नाही, विमानानं जायचं नाहीतर थंडीत बर्फ घट्ट झाला की त्यावरून. माणसं ओजी-क्री, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. पोरगा लहान असतानाच घरापासून तोडून निवासी शाळेत घातला. या शाळा सरकारच्या पैशानं चालायच्या आणि चर्चच्या ताब्यात असायच्या, मुलांनी आपली भाषा, आपली रीत विसरावी हाच हेतू. अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, हार्पर जन्मले तेव्हा त्यांच्या आईवडिलांना मॅनिटोबात मतदानाचाच हक्क नव्हता, तो मिळाला १९५२ मध्ये, आणि देशाच्या निवडणुकीत तर १९६० मध्ये.

पुढं मॅनिटोबा युनिव्हर्सिटीत गेले, तिथं फिल फाँटेन आणि ओविड मर्क्रेडी हे दोस्त भेटले, हे दोघंही नंतर फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे मूळ रहिवाशांच्या जमातींच्या, देशव्यापी संघटनेचे राष्ट्रीय प्रमुख झाले. हार्पर १९७८ मध्ये गावचे चीफ, म्हणजे जमातीचे प्रमुख, झाले आणि १९८१ मध्ये एनडीपी म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टीच्या तिकिटावर रुपर्ट्सलँड मतदारसंघातून आमदार. मॅनिटोबात सरकारशी तह केलेल्या जमातीतला माणूस विधानसभेत निवडून यायची ही पहिलीच वेळ. १९८६ मध्ये मंत्रीही झाले.

आणि मग १९८७ मध्ये घसरले. दारू पिऊन गाडी ठोकली, श्वासाची तपासणी द्यायला नकार दिला, मंत्रिपद गेलं. हे मी झाकत नाही, त्यांनीही झाकलं नव्हतं. दारू सोडली, थोड्याच दिवसांत मंत्रिमंडळात परत घेतलं गेलं. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण तीन वर्षांनी जो माणूस सभागृहात उभा राहिला तो काही देवमाणूस नव्हता, पडून उठलेला माणूस होता.

आता मूळ गोष्ट. १९८२ मध्ये कॅनडाची नवी घटना आली, तिला क्विबेक या फ्रेंच भाषकांच्या प्रांतानं संमती दिली नव्हती. क्विबेकला बरोबर घ्यायचं म्हणून पंतप्रधान ब्रायन मल्रोनी आणि दहाही प्रांतांचे प्रमुख एप्रिल १९८७ मध्ये मीच लेक या ठिकाणी बसले आणि करार ठरला, क्विबेकला 'वेगळा समाज' म्हणून मान्यता, प्रांतांना जास्त अधिकार. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट बघा, त्याच्या जेमतेम महिनाभर आधी मूळ रहिवाशांच्या हक्कांवरची परिषद काहीही न ठरता संपली होती. म्हणजे एकाला वेळ होता, दुसऱ्याला नव्हता. इंग्रज आणि फ्रेंच यांनीच देश उभा केला म्हणे, मग जे आधीपासून होते ते कोण?

करार सगळ्या प्रांतांनी २३ जून १९९० पर्यंत मंजूर करायचा होता. मॅनिटोबाचे प्रमुख गॅरी फिल्मन आणि दोन्ही विरोधी नेते, त्यात हार्पर यांच्या पक्षाचे नेतेही आले, देशाच्या राजधानीत, ओटावात, कराराला हो म्हणून आले. पण दिवस उरले थोडे, आणि ठराव नोटीसची मुदत न पाळता लगेच मांडायचा तर सभागृहाची एकमुखी परवानगी लागते. एकानं जरी नाही म्हटलं की थांबलं. १२ जूनला स्पीकरनं विचारलं आणि हार्पर म्हणाले, 'नो, मिस्टर स्पीकर.' हातात गरुडाचं पीस, भावानं आणून दिलेलं. आरडाओरडा नाही, भाषण नाही, हळू आवाजात तेवढंच. शिवाय सरकारनं नोटीस देतानाच नियम मोडलाय हेही दाखवून दिलं, स्पीकरना ते मान्य करावं लागलं, आणखी दिवस गेले.

सल्ला देणारे दोस्त होते, वकील होते, बाहेर पायऱ्यांवर ढोल वाजवत, प्रार्थना करत लोक जमलेले. मल्रोनींनी विनिपेगला माणसं धाडली, मूळ रहिवाशांसाठी आयोग नेमू वगैरे आश्वासनं दिली, चीफ लोकांनी ती नाकारली. तीन वर्षं कुणी विचारलं नाही आणि आता शेवटच्या आठवड्यात विचारता, असा त्यांचा राग, आणि मला तो शंभर टक्के रास्त वाटतो. २२ जूनला मॅनिटोबाची विधानसभा मतदान न होताच तहकूब झाली, न्यूफाउंडलँड प्रांताचे प्रमुख क्लाइड वेल्स यांनीही आपल्याकडचं मतदान मग घेतलं नाही, आणि करार संपला.

क्विबेकमध्ये कित्येकांना हा आपला अपमान वाटला. पण हार्पर यांचं म्हणणं क्विबेकच्या विरोधात नव्हतं, आम्हाला वगळून करू नका एवढंच होतं. पुढं १९९१ मध्ये मूळ रहिवाशांच्या प्रश्नांवर रॉयल कमिशन नेमलं गेलंच.

१९९२ मध्ये त्यांनी आमदारकी सोडली, १९९३ मध्ये लिबरल पक्षातून चर्चिल मतदारसंघाचे खासदार झाले, १९९७ मध्ये हरले. १७ मे २०१३ ला ओटावात गेले, वय ६४, मधुमेहानं हृदय थकलं होतं. त्यांचं पार्थिव विनिपेगच्या त्याच विधानसभेच्या इमारतीत ठेवलं होतं, लोक रांग लावून आले, आणि मग रेड सकर लेकला नेऊन पुरलं, आपल्या माणसांत.