घर तिथेच, मतदारसंघ मात्र फिरता

नमस्कार श्रोतेहो.

आज तुम्हाला अमेरिकेतल्या एका मतदारसंघाची गोष्ट सांगायची आहे. जॉर्जिया राज्याचा सहावा काँग्रेशनल डिस्ट्रिक्ट. तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात ४३५ जागा आहेत, त्यातल्या १४ जॉर्जियाच्या वाट्याला. दर दोन वर्षांनी निवडणूक. आणि मतदारसंघाला गावाचं नाव नाही, नुसता नंबर. आपल्याकडे बारामती म्हटलं, सातारा म्हटलं, की डोळ्यांपुढे मुलूख उभा राहतो. तिथे ‘सहावा’ म्हटलं की विचारावं लागतं, कुठल्या सालचा सहावा? कारण नंबर तोच राहतो आणि जमीन बदलते. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नंबर तोच, जमीन वेगळी.

मी सांगतोय तो सहावा साधारण २०१२ ते २०२० या काळातला. अटलांटा शहराभोवती एक गोल हायवे आहे, इंटरस्टेट २८५. लोक त्याला ‘पेरिमीटर’ म्हणतात, आणि माणूस पेरिमीटरच्या आत राहतो की बाहेर यावरून त्याच्याबद्दल बरेच अंदाज बांधतात. या रिंगणातून जॉर्जिया ४०० नावाचा रस्ता उत्तरेकडे निघतो. त्याच्या दोन्ही अंगांना वसलेली उपनगरं म्हणजे हा मतदारसंघ. ब्रुकहेवन, डनवुडी, सँडी स्प्रिंग्ज, रॉझवेल, अल्फारेटा, जॉन्स क्रीक, आणि पश्चिमेला कॉब काउंटीचा, म्हणजे आपल्या भाषेत कॉब जिल्ह्याचा, पूर्व भाग. यातली कित्येक गावं नगरपालिका म्हणून अगदी नवी. सँडी स्प्रिंग्ज २००५ सालचं, जॉन्स क्रीक २००६ चं, ब्रुकहेवन तर २०१२ चं. आपले कर आपल्याच गल्लीत खर्च व्हावेत म्हणून लोकांनी मतदान करून ही गावं वेगळी काढली.

आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. अटलांटाची मेट्रो, मार्टा, हिला कॉब काउंटीने कधी आत येऊ दिलं नाही. उत्तरेकडची गाडी सँडी स्प्रिंग्जमधल्या नॉर्थ स्प्रिंग्ज स्टेशनवर थांबते आणि तिथून पुढे सगळे आपापल्या मोटारीत. रोज संध्याकाळी जॉर्जिया ४०० वर लाल दिव्यांची रांग लागते. ज्या उपनगरात रेल्वे नाही तिथे माणसं एकमेकांना भेटत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. आपल्या लोकलमध्ये कितीही चेंगराचेंगरी होवो, शेजारच्याचं राजकारण तरी कळतं.

असो. हा भाग मत कुणाला देत होता? अनेक वर्षं डोळे मिटून रिपब्लिकन पक्षाला. न्यूट गिंग्रिच इथले, १९९५ मध्ये ते सभागृहाचे स्पीकर झाले. त्यांच्यानंतर जॉनी आयझॅक्सन, मग टॉम प्राइस. २०१२ मध्ये अध्यक्षपदाच्या लढतीत मिट रॉम्नींना इथे तेवीस टक्क्यांच्या आसपास आघाडी होती. २०१६ मध्ये त्याच पक्षाच्या डोनाल्ड ट्रम्पना जेमतेम दीड टक्का. आणि त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर टॉम प्राइस मात्र तेवीस टक्क्यांनी निवडून आले. पुन्हा सांगतो. एकाच दिवशी, तेच मतदार. खासदार त्याच पक्षाचा तेवीस टक्क्यांनी, आणि अध्यक्षपदाचा उमेदवार दीड टक्क्यांनी. म्हणजे लोकांनी पक्ष सोडला नव्हता, पण त्यांचं मन डळमळायला लागलं होतं. इथे जवळजवळ साठ टक्के प्रौढ पदवीधर होते, बाहेरून आलेली कुटुंबं वाढत होती. जॉन्स क्रीकमध्ये आज साधारण तीस टक्के लोक आशियाई वंशाचे आहेत, त्यात भारतीय भरपूर, आणि त्यात आपली मराठी मंडळीही आली.

त्या मराठी मंडळींपैकीच एक माझ्या आईचे मामेभाऊ. आम्ही त्यांना दादामामा म्हणतो. मूळचे मिरजेचे, जन्मभर माध्यमिक शाळेत शिक्षक. आणि शिक्षक म्हटलं की निवडणुकीचं काम आलंच. दादामामांनी जत तालुक्यापासून शिराळ्यापर्यंत मतदान केंद्रं सांभाळलेली. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, एसटीतून केंद्रावर पोचायचं, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं, पहाटे उठून बाकं लावायची. लाख, मेणबत्ती, कागदी सील, शाईची बाटली, सगळं त्यांना तोंडपाठ. केंद्राध्यक्ष म्हणून त्यांची ख्याती अशी की शेवटचा मतदार रांगेत असेपर्यंत ते पाणी प्यायलाही उठायचे नाहीत.

निवृत्तीनंतर मुलाने त्यांना आणि मामींना जॉन्स क्रीकला नेलं. ग्रीन कार्ड झालं, रीतसर वर्षं भरली, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये दादामामांनी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली. भारताचा पासपोर्ट परत करायचा म्हणजे इथलं मत गेलं. त्यांना बाकी कशाचं नाही, पण त्या मताचं फार लागलं. मला फोनवर म्हणाले, “बाळ, इतकी वर्षं दुसऱ्यांची मतं सांभाळली, आता माझं स्वतःचंच कुठे राहिलं नाही.”

नेमकं तेव्हाच सहाव्यात रण पेटलेलं. टॉम प्राइस ट्रम्प सरकारात आरोग्यमंत्री झाले, जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली. १८ एप्रिल २०१७. एकाच मतपत्रिकेवर अठरा उमेदवार, सगळ्या पक्षांचे एकत्र. जॉर्जियाचा नियम असा की निम्म्याहून जास्त मतं मिळाली तरच जिंकलात, नाहीतर पहिल्या दोघांत पुन्हा सामना. डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन ऑसॉफ, वय तीस, ४८.१ टक्क्यांवर थांबले. साधारण साडेतीन हजार मतं कमी पडली. दुसऱ्या आल्या रिपब्लिकन कॅरन हँडल, वीस टक्क्यांच्या आत. दोघांचा सामना ठरला २० जूनला.

दादामामा एप्रिलचं मतदान नुसतं बघत बसले होते. नावनोंदणीची मुदत २० मार्चलाच संपलेली. आणि राज्याचं म्हणणं असं की जूनची फेरी ही त्याच निवडणुकीचा पुढचा भाग, म्हणून नव्याने नाव घालता येणार नाही. नागरिक झालेला माणूस, हातात प्रमाणपत्र, आणि दोन महिन्यांनी होणाऱ्या मतदानात मत नाही! पण काही नागरी हक्क संघटना कोर्टात गेल्या होत्या. मेच्या सुरुवातीला फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायाधीशांनी आदेश दिला की नोंदणी पुन्हा उघडा, २१ मेपर्यंत. ही बातमी दादामामांनी टीव्हीवर ऐकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला कामावर उशीर करायला लावून फॉर्म भरून आले. कोर्टाने काय केलं हे आपण कायद्याच्या भाषेत वाचतो. माझ्यासाठी त्या आदेशाचा अर्थ म्हणजे आमचे दादामामा.

मग सुरू झाला प्रचार. घराघरात दोन्ही पक्षांची पत्रकं इतकी येत होती की टपालपेटीचं दार लागायचं नाही. त्या एका जागेवर दोन्ही बाजूंनी मिळून पाच कोटी डॉलरहून जास्त पैसा ओतला गेला. तोवर खालच्या सभागृहाच्या कुठल्याही निवडणुकीत एवढा खर्च झालेला नव्हता. दारावर कार्यकर्ते यायचे, कुणी दुसऱ्या राज्यातून सुट्टी काढून आलेले. मामी प्रत्येकाला चहा द्यायच्या, पक्ष कुठला का असेना. आणि दादामामा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, “तुमचं मतदान केंद्र कुठलं?” बहुतेकांचं केंद्र भलतीकडेच.

आणि खुद्द ऑसॉफ यांचं घर सहाव्यात नव्हतं! त्यांची होणारी पत्नी वैद्यकीय शिक्षण घेत होती, म्हणून ते तिच्या कॉलेजजवळ, मतदारसंघाच्या हद्दीबाहेर राहत होते. अमेरिकन राज्यघटना सांगते की उमेदवार त्या राज्यात राहणारा हवा, मतदारसंघात राहायलाच हवा असं नाही. विरोधकांनी यावरून रान उठवलं. दादामामांना मात्र त्यात निराळीच गंमत वाटली. म्हणाले, “अरे, उमेदवाराला स्वतःला मत देता येत नाही, आणि मी कालचा आलेला, मला देता येतंय!”

२० जून उजाडला तो पाऊस घेऊन. अटलांटाभर ढग फुटल्यासारखा पाऊस, पुराचे इशारे. मुलगा म्हणाला, बाबा, संध्याकाळी जाऊ. दादामामा म्हणाले, पहिल्या तासात मतदान होतं ते शांतपणे होतं, मला माहिताय. सकाळीच गेले. केंद्र एका चर्चच्या हॉलमध्ये. आत शिरले आणि त्यांच्यातला केंद्राध्यक्ष जागा झाला. टेबलं कशी लावली आहेत, रांग कुठून वळते, यादीवर खूण कोण करतंय, सगळं नजरेखालून घातलं. ओळखपत्र दाखवलं. टेबलामागच्या वयस्कर बाईंनी नाव तपासलं आणि एक पिवळं प्लास्टिक कार्ड हातात दिलं. ते यंत्रात सरकवायचं, पडद्यावर नाव निवडायचं, कार्ड परत करायचं. संपलं. दादामामा तिथेच उभे. बाईंनी विचारलं, काही अडचण? तर यांनी सवयीने डावं बोट पुढे केलेलं, शाईसाठी! बाईंना काही उमजेना. मग यांनी समजावलं की आमच्याकडे असं असतं. त्या बाईंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, आणि शाई नाही म्हणून पीचच्या फळाचं चित्र असलेला स्टिकर त्यांच्या त्या बोटावरच चिकटवला. ‘मी जॉर्जियाचा मतदार.’ तो स्टिकर त्यांनी पुसला-काढला नाही, तसाच बोटावर ठेवून जेवले, असं मामी सांगतात.

मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. केंद्राध्यक्षाला असलं विचारू नये.

एक तक्रार मात्र त्यांनी केली. यंत्रातून कागद निघत नव्हता. त्या वेळची जॉर्जियाची यंत्रं कागदाचा पुरावा ठेवत नव्हती, ती पुढे बदलली. माझंही मत दादामामांसारखंच आहे. मत यंत्रात द्या, पण मोजून दाखवता येईल असा कागद हवाच. आणि मतदानाच्या दिवशी सुट्टी हवी. कामाच्या मंगळवारी, पावसात, पोरांना शाळेत सोडून रांगेत उभं राहायचं हा कुठला न्याय? याबाबतीत आपली पद्धत शंभर वेळा बरी.

निकाल थोडक्यात सांगतो. हँडल ५१.८ टक्के, ऑसॉफ ४८.२. सुमारे दोन लाख साठ हजार मतांत नऊ हजारांचा फरक. देशभरच्या पंडितांनी लिहिलं, उपनगरं अजून रिपब्लिकनच आहेत. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्याच हँडलना डेमोक्रॅटिक पक्षाच्या ल्यूसी मॅकबाथ यांनी सव्वातीन हजार मतांनी हरवलं. मॅकबाथ विमानात फ्लाइट अटेंडंट होत्या. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा जॉर्डन २०१२ मध्ये फ्लोरिडात पेट्रोल पंपावर मारला गेला. गाडीतल्या गाण्यांचा आवाज मोठा आहे, यावरून एकाने गोळ्या झाडल्या. बंदुकांवर आवर घाला, हे त्या आईचं म्हणणं, आणि जिथे गिंग्रिच निवडून येत तिथे लोकांनी ते ऐकलं. २०२० मध्ये अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या जो बायडन यांना याच सहाव्यात अकरा टक्क्यांच्या आसपास आघाडी मिळाली. आठ वर्षांत एका बाजूची तेवीस टक्क्यांची आघाडी जाऊन दुसऱ्या बाजूला अकरा टक्क्यांची. आणि २०२१ च्या जानेवारीत ऑसॉफ सिनेटवर, म्हणजे वरच्या सभागृहात, निवडून गेले, तिथे सगळं राज्य हाच मतदारसंघ.

मग काय झालं? मतदार हलले, तेव्हा रेषा हलवल्या. तिथे मतदारसंघ राज्याची विधानसभा आखते, म्हणजे सत्तेतला पक्ष. २०२१ मध्ये रिपब्लिकनांनी सहावा उचलून उत्तरेच्या डोंगरांकडे, फोरसाइथ आणि डॉसन काउंट्यांकडे नेला. तिथून रिपब्लिकन रिच मॅकॉर्मिक निवडून आले. हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला विधानसभा डेमोक्रॅटांची होती, तेव्हा गिंग्रिच यांचा अटलांटाच्या दक्षिण-पश्चिमेचा जुना मतदारसंघ त्यांनी असाच कापला. गिंग्रिच उत्तरेला कॉबमध्ये राहायला आले, आणि १९९२ मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, हजाराहून कमी मतांनी वाचले. म्हणजे कात्री दोघांच्याही हाती आली आणि दोघांनीही चालवली. हे मला मुळीच पटत नाही. ज्याला निवडून यायचंय त्याने हद्द आखू नये. आपल्याकडे हे काम परिसीमन आयोगाचं असतं. २००८ च्या फेररचनेत कोकणातला राजापूर मतदारसंघ नकाशावरून गेला, लोक हळहळले, पण तो कुणा एका पक्षाने आपल्या सोयीसाठी पुसला नव्हता.

आता दादामामांचं घर बघा. जॉन्स क्रीकमधलं तेच घर. २०१७ मध्ये सहाव्यात. २०२२ मध्ये सातव्यात, कारण रेषा सरकल्या. मॅकबाथही सातव्यातून उभ्या राहिल्या, त्यामुळे खासदार त्याच. मग २०२३ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी सांगितलं की कृष्णवर्णीयांच्या मताचा जोर या नकाशाने कमी होतो, नवा नकाशा करा. विधानसभेने अटलांटाच्या पश्चिमेला नवा सहावा काढला, आणि त्याच वेळी मॅकबाथ यांचा सातवा मोडून तो डोंगरांना जोडला. मॅकबाथ नव्या सहाव्यात गेल्या आणि २०२४ मध्ये जिंकल्या. दादामामांचं घर सातव्यातच राहिलं, आणि त्यांचे खासदार झाले मॅकॉर्मिक. सात वर्षांत दोन नंबर, तीन खासदार, आणि घर जागचं हललेलं नाही. नंबर तोच, जमीन वेगळी, हे मी सुरुवातीला म्हणालो ते यासाठी.

तुमची मुलं, भाचरं, पुतणी अटलांटाकडे असतील आणि नागरिक झाली असतील, तर त्यांना एवढा निरोप द्या. जॉर्जिया सरकारचं ‘माय व्होटर पेज’ आहे, तिथे नाव घातलं की आपला सध्याचा मतदारसंघ आणि मतदान केंद्र दिसतं. मागच्या खेपेला बघितलं होतं म्हणून थांबू नका म्हणावं, या खेपेचं बघा. दादामामा दर निवडणुकीआधी बघतात, आणि कॉलनीतल्या बाकीच्यांनाही फोन करून बघायला लावतात.

नमस्कार.